आकार नाही, खूण नाही

मकोरे दुपारीच परत आला, तोही चालत, आणि त्याच्या पाठीवर पोतं नव्हतं.

मुचानेता उखळात ज्वारी कुटत होती. त्याला पाहून तिनं मुसळ वरच्या वर धरलं. पहाटेच्या बसनं क्वेक्वेच्या बाजाराला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत घरी येत नाही, आणि येतो तेव्हा मका घेऊन येतो. हा आला तो नुसती टोपी हातात घेऊन. ऑक्टोबरचं ऊन असं पेटलं होतं की मोपानीच्या झाडांनी पानं मिटून घेतली होती. त्या उन्हात हा बाबा मोठ्या रस्त्यापासून पंधरा किलोमीटर तंगडतोड करत आला होता.

"पोतं कुठं हाय, बाबा शुवाई?"

"आधी पाणी दे."

"देते की. पोतं कुठं हाय?"

लग्न होऊन दूर गेलेल्या थोरल्या लेकीच्या नावानंच ती नवऱ्याला हाक मारायची, आणि गाव तिला माई शुवाई म्हणायचं. मकोरेनं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि धान्याच्या कणगीच्या सावलीत टेकला. तिथं त्याची आई आधीपासून पाय पसरून बसलेली होती. तिला सगळं गाव अंबुया, म्हणजे आजी, म्हणायचं. म्हातारीनं डोळे किलकिले करून लेकाकडं पाहिलं.

"पोलिसानं नेलं का बाईनं?" तिनं विचारलं.

"सायबानं."

पोत्यात तंबाखूच्या एकशे ऐंशी ढेपा होत्या. मूठभर, खाली रुंद, वर निमुळत्या. मे महिन्यात सेंग्वा नदीच्या काठाला वाफे केले तेव्हापासूनची ती मेहनत. नदी आटत गेली तसे वाळूत खड्डे खणून बादलीनं पाणी घातलं. पानं खुडली, अर्धी सुकवली, उखळात कुटली, राख आणि पाणी शिंपडून तळहातावर वळली आणि चुलीवरच्या माळ्यावर धुरावली. मागच्या साली कापूस केला होता, तर कंपनीनं पैशांऐवजी साबण आणि गोडंतेल हातावर ठेवलं. साबण खाऊन वर्ष काढता येत नाही. यंदाचा सगळा मका त्या पोत्यातून यायचा होता.

"गोक्वेच्या अलीकडं रस्त्यात पिंपं आडवी टाकली व्हती," मकोरे सांगू लागला. "पोलीस हाय, आन् निळ्या शर्टातलं एक पोरगं हाय, कराच्या हापिसातलं. बसच्या टपावर चढलं. म्हणलं, ह्यात काय आहे? मी म्हणलं, काय न्हाई सायेब, कचरा हाय आमचा."

"बरोबर म्हणलास," अंबुया म्हणाली.

सेंग्वाकाठी तसंच म्हणतात. पाहुण्याच्या तळहातावर तंबाखू ठेवताना घरधनी म्हणतो, घ्या, कचरा आहे आमचा. पाहुणा चिमूट नाकाला लावतो, डोळ्यांना पाणी येईपर्यंत शिंकतो आणि म्हणतो, कचरा कसला हो! आपल्या मालाला आपल्याच तोंडानं चांगलं म्हणणाऱ्याला इथं उथळ समजतात. पण निळ्या शर्टातल्या पोराला हे कोणी शिकवलं असणार? ते राजधानीत वाढलेलं पोर. त्यानं ‘कचरा’ ऐकलं आणि वहीत ‘कचरा’ लिहून घेतलं.

"मग त्यानं पोत्याचं तोंड सोडलं," मकोरे म्हणाला. "वास आला तसं मागं सरलं. म्हणलं, हा तर तंबाखू. पान आहे का बनवलेला माल? मी म्हणलं, पानच की, आमच्या रानातलं. तर म्हणलं, पान असेल तर शेतकऱ्याचा नोंदणी नंबर दाखवा, पान लिलावाच्या फडाबाहेर विकता येत नाही. मी म्हणलं, मग बनवलेला असंल. तर म्हणलं, मग कर भरल्याचा शिक्का कुठाय?"

"दोन्हीला व्हय म्हणलास?"

"मग काय करू, आये?"

"गप बसायचं. तुझा बाप बसायचा तसं."

मकोरेनं खिशातून घामानं भिजलेली पिवळी पावती काढली आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचली. सात दिवसांत मालाच्या मालकानं गोक्वेच्या कार्यालयात हजर राहून खुलासा करावा. न केल्यास माल नष्ट करण्यात येईल.

सात दिवस म्हणजे फार झाले. पश्चिमेला रोज दुपारी ढग जमू लागले होते. सरकारी खोलीतल्या सिमेंटच्या जमिनीवर ढेपा दमट हवेत राहिल्या, तर तिसऱ्या दिवशी बुरशी धरणार आणि मग नष्ट करायचा त्रास साहेबालाही पडणार नाही. मुचानेताला हे कळत होतं, आणि मकोरे नुसता पावतीची घडी उलगडत आणि घालत बसला होता, याचा तिला संताप येत होता.

"परवा मी पुन्ना जातो," तो म्हणाला.

"तू गेलास तर पुन्ना दोन्हीला व्हय म्हणशील," अंबुया म्हणाली. "मालकाला बोलावलंय ना? ढेपा कुणी वळल्या? सूनबाई जाईल."

दुसरा दिवस गेला तो पाण्यापायी. नदीतला खड्डा आता छातीएवढा खोल गेला होता. मुचानेता आत उतरून वाटीनं पाणी भरायची आणि मकोरे वरून बादली ओढायचा. एक बादली भरायला इतका वेळ लागे की बैल वर उभे राहून वाळू चाटायचे. बोलायचं ते एवढंच होतं की पोतं सुटलं नाही तर बैलांतला एक जाईल, आणि ते कोणालाच तोंडातून काढायचं नव्हतं. संध्याकाळी तिनं आपला चर्चला जायचा झगा धुऊन काटेरी कुंपणावर वाळत घातला. पलीकडच्या आवारातून माई तोगारानं विचारलं, "कुणाचं लगीन हाय गं?" तोगारांचाही तंबाखू होता, पण त्यांच्या ढेपा ठिसूळ, राख जास्त पडलेली. बाजारात त्या कायम मागं राहायच्या.

गोक्वेचं ते कार्यालय म्हणजे पत्र्याची लांबट इमारत. दारात बाक, बाकावर तिच्याआधी आलेली सात माणसं. ती आली सकाळी आठला, नंबर लागला साडेअकराला. मधल्या वेळात मागच्या खोलीतून तिला वास येत होता. आपल्या हातचा वास बाईला कुठूनही कळतो. खोलीच्या दाराशी वर्दीतला चौकीदार खुर्ची टाकून बसला होता. तो मधूनच आत जायचा, बाहेर यायचा आणि दणदणीत शिंकायचा. त्याच्या मिशीला तपकिरी भुकटी लागलेली होती. मुचानेतानं ती पाहिली आणि मान खाली घातली.

आतल्या साहेबाचं नाव मासुकू. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. शर्ट काखेत भिजलेला, आणि टेबलावरचा पंखा त्यानं कागद उडू नयेत म्हणून भिंतीकडं तोंड करून ठेवलेला. मुचानेता रीतीप्रमाणे गुडघे टेकून बसली आणि पोकळ ओंजळीनं तीनदा टाळी वाजवली. त्यानं वर पाहिलंच नाही. त्यामुळं तिला उठावं की तसंच बसावं हे कळेना, आणि बराच वेळ ती फरशीवर तशीच राहिली.

"अहो, खुर्ची आहे ना," तो अखेर म्हणाला. "बसा. तुमचे पती आले नाहीत?"

"ढेपा माझ्या हाताच्या हायत, सायेब."

"बरं." त्यानं पिवळी पावती वाचली. वाचताना त्याच्या भुवया वर गेल्या. "इथं तीन गोष्टी लिहिल्यात. आधी कचरा, मग पान, मग उत्पादित माल. एकाच पोत्यात तीन वस्तू असू शकत नाहीत, माई. मला एक ठरवावी लागेल."

"तंबाखू हाय, सायेब."

"ते कळलं हो. पण कायद्यात नुसता तंबाखू असा प्रकार नाही." त्यानं ड्रॉवरमधून निळं पुस्तक काढलं. पानं सुटलेली, दोऱ्यानं बांधलेली. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला ते वाचून दाखवलं, तेही सावकाश, जणू शाळेत. "हे बघा. ‘पान म्हणजे असा तंबाखू, ज्यावर वाळवण्यापलीकडे कोणतीही क्रिया झालेली नाही.’ तुम्ही काय करता?"

"कुटते."

"झालं. कुटलं की पान संपलं. पुढचं ऐका. ‘उत्पादित तंबाखू म्हणजे कापलेला, कुटलेला, दाबलेला, वळलेला अथवा अन्य पदार्थाशी मिसळलेला, आणि विक्रीयोग्य आकारास आणलेला तंबाखू.’ काही मिसळता?"

"राख. मोपानीची. त्याबिगर चढत न्हाई."

"माई, माझ्यासमोर इतकं खरं बोलू नका," मासुकू कळवळून म्हणाला. "उत्पादित म्हटलं तर कारखान्याचा परवाना लागतो. पक्की फरशी, हात धुवायला बेसिन, प्रत्येक नगावर करपट्टी, आणि वेष्टनावर आजारी फुफ्फुसाचं चित्र."

"ढेपेवर फुफ्फुस कुठं चिकटवू, सायेब? ती मुठीएवढी तर हाय."

तो हसला. मग त्यानं एका कागदावर आकडे मांडले आणि कागद तिच्याकडं वळवला. कर आणि दंड मिळून पोत्याच्या किमतीच्या पुढं जात होते. म्हणजे पोतं सोडवायला बैलच विकावा लागणार आणि सोडवल्यावर त्याचा काही उपयोग नाही. मुचानेताला वाटलं होतं, माणूस भेटला, चार शब्द नीट बोलला, तर गोष्ट सुटते. हा माणूस तर नीटच बोलत होता.

"एक सूट आहे," मासुकू म्हणाला. "‘स्वतःच्या हातानं, स्वतःच्या वापरासाठी, अथवा पूर्वजांच्या विधीसाठी केलेला.’ तसं म्हणालात तर आत्ता सोडतो. विकायचा मात्र नाही."

"एकशे ऐंशी ढेपा?" ती म्हणाली. "आमचे वाडवडील मेलेत, सायेब. पण येवढा ओढायला त्यांना आणखी दोनदा मरावं लागंल."

चौकीदार दारात उभा राहून ऐकत होता, तो खो खो हसला आणि त्यातच शिंकला. मासुकूनं त्याला ढेप आणायला सांगितलं. ती टेबलावर ठेवली गेली. खिडकीतल्या उन्हात ती काळपट लाल दिसत होती, गुळगुळीत, एकही चीर नसलेली. साहेबानं ती हातात घेऊन फिरवली आणि तळाशी थांबला.

"ही कसली खूण?"

ढेपेच्या तळाला अंगठ्याचा ठसा होता, तिरका, मधे एक उभी रेघ असलेला. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात मुसळाखाली मुचानेताचा उजवा अंगठा चेचला होता. नख गेलं, आणि बोट भरून आलं ते वाकडंच. अंबुयानं तेव्हा तिला जवळ घेतलं नव्हतं, नुसती ढेप पुढं सरकवून म्हणाली होती, दाब इथं. तेव्हापासून प्रत्येक ढेपेला तो दाब होता. क्वेक्वेच्या बाजारात म्हातारे ढेप उलटी करून आधी तळ बघायचे आणि वाकड्या अंगठ्याचीच मागायचे.

मकोरे असता तर म्हणाला असता, चीर असेल साहेब, किंवा सुकताना पडली असेल. मुचानेतानं सरळ हात पुढं केला आणि अंगठा त्या खळग्यात बसवून दाखवला.

"ही माझी," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा झाला होता. "हे बगून लोक घेतात. दुसऱ्या कुणाची घेत न्हाईत."

मासुकूनं डोळे मिटले. मग पुस्तक पुन्हा उघडलं. "‘अथवा ज्यावर उत्पादकाची ओळख पटविणारी खूण असेल, असा.’ आता मी काय करू, सांगा. तुम्ही स्वतःच तुमच्या मालाला छाप मारलाय."

पंखा भिंतीला वारा घालत होता. साहेब पानं उलटत राहिला. एकाएकी त्याचा चेहरा उजळला, चुकलेलं गणित सुटावं तसा.

"अहो, पण पहिल्यांदा तुमचे पती काय म्हणाले? कचरा! बरोबर ना? हे बघा, शेवटचं कलम. ‘टाकाऊ तंबाखू म्हणजे पानांचा चुरा, देठ व झाडलोट, ज्यास आकार नाही, खूण नाही, आणि जो किडींच्या बंदोबस्तासाठी वापरला जातो.’ यावर कर नाही. परवाना नाही. वाहतुकीला मी आत्ता कागद देतो. पुढंमागं कोणी अडवणार नाही."

"ते म्हणायची रीत हाय, सायेब. आमच्यात तसं म्हणतात."

"असेल. पण म्हटलंय ना? वहीत आहे." तो उत्साहात आला होता. त्याला तिला मदत करायची होती, आणि ती कशी करायची हे त्याला सापडलं होतं. "फक्त आकार नको, खूण नको. तेवढं तुम्हाला करावं लागेल. इथंच, आमच्यासमोर."

मागच्या अंगणात नळाजवळ सिमेंटचा चौथरा होता. चौकीदारानं पोतं आणून टाकलं. ते उचलताच मुचानेताला कळलं की हलकं झालंय. तिनं त्याच्या मिशीकडं पाहिलं. त्यानं दुसरीकडं पाहिलं. फोडायला त्यानं तिला एक वीट दिली.

पहिली ढेप फुटेना. नीट वळलेली, महिनाभर धुरावलेली ढेप सहजी फुटत नाही. वीट मारली की ती टणकन उडून बाजूला जायची. मुचानेता उकिडवी बसली, ढेप पायाच्या दोन अंगठ्यांत धरली आणि दोन्ही हातांनी वीट आणली. चौथ्या घावाला ती दुभंगली. आतून ओला, गोड, जुन्या गुळासारखा वास उसळला. हा वास गिऱ्हाईकाच्या घरी सुटायचा असतो, महिन्यांनी, चाकूनं कापल्यावर. तो त्या अंगणात सुटला आणि वाऱ्यावर गेला.

मग ती थांबली नाही. दुपारचं ऊन डोक्यावर, खाली सिमेंट तापलेलं, आणि चुरा घामाला चिकटून हात, मान, पापण्या सगळं काळं झालं. नाकातोंडात भुकटी गेली. कार्यालयातली माणसं खिडकीत जमली, एकामागून एक शिंकू लागली आणि हसू लागली. एक टायपिस्ट बाई जवळ येऊन म्हणाली, "माई, माझ्या वडलांसाठी थोडा देता?" मुचानेतानं तिला मूठभर दिला. रीतीनं जे म्हणायचं असतं ते तिच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

शेवटी विटेचा एक कोपरा फुटला आणि तिच्या गुडघ्याची कातडी सोलली. पोतं भरलं तेव्हा पहिल्यापेक्षा फुगलेलं दिसत होतं, कारण चुरा जागा जास्त घेतो. कंबरेच्या फडक्यात तिनं दोन मुठी म्हातारीसाठी बांधून घेतल्या.

मासुकूनं कागद तयार ठेवला होता. त्यानं तो वाचून दाखवला. खाली सही करणारी व्यक्ती जाहीर करते की सदर पोत्यातील वस्तू ही तंबाखूचा टाकाऊ चुरा असून मानवी सेवनास अयोग्य व केवळ किडींच्या बंदोबस्तासाठी आहे, तिला आकार नाही, खूण नाही. मुचानेताला नाव लिहिता येत होतं, शाळेत तिसरीपर्यंत गेली होती ती. पण साहेबानं शाईची डबी आधीच उघडली होती. ज्या अंगठ्यामुळं माल पकडला गेला होता, तोच त्या कागदाला चालला. वाकडा ठसा उमटला. मासुकूनं त्यावर फुंकर घातली.

"बघा, सुटलं की नाही?" तो म्हणाला. तो खरोखर खूश होता. "दरवर्षी असंच करा."

क्वेक्वेला ती दुसऱ्या दिवशी पोचली. वाटेत दोनदा बस अडवली गेली, दोन्ही वेळा तिनं कागद दाखवला, आणि दोन्ही वेळा पोलिसानं तो वाचून पोत्याला हातही लावला नाही. चिदेंबो हा बाजारातला जुना व्यापारी. त्याच्या दुकानी वीस वर्षं या घरच्या ढेपा जात होत्या. त्यानं पोत्याचं तोंड सोडलं आणि मागं सरकून तिच्याकडं पाहिलं.

"हे काय केलंत, माई शुवाई?"

"माल तोच हाय. नाकाला लावून बगा."

त्यानं लावून पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं. पुसत म्हणाला, "तोच हाय. त्यात वाद न्हाई." मग त्यानं चष्मा लावला आणि कागद वाचला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज व्यापाऱ्याचा झाला. "पण इथं लिहिलंय अयोग्य म्हणून. उद्या माझ्याकडं तपासणी आली, तर किडीचं औषध लोकांच्या नाकात घालतो म्हणून मलाच आत टाकतील. मला हा भाजीवाल्यांना फवारायला द्यावा लागंल."

"तुमी तो भाजीवाल्यांना देणार न्हाई. मला ठाऊक हाय."

"कुणाला देईन ते सोडा. घेताना कागदाच्या भावानं घेणार." त्यानं मूठभर चुरा तळहातावर पसरला. "गिऱ्हाईक तळ बगतं, अंगठा बगतं. चुऱ्याला काय बगणार? तोगाराचा कुठला, तुमचा कुठला, सगळा सारखाच दिसतो."

तिनं घासाघीस केली, शिव्या दिल्या, पोतं उचलून दोन दुकानं पुढं गेली आणि परत आली. तीन पोती मका यायचा तिथं एक आला. बसवाल्यानं तो टपावर टाकला आणि वर तिला म्हणाला, "माई, गुडघ्यातनं रक्त येतंय."

घरी मकोरेनं मक्याचं पोतं उतरवून घेतलं आणि हसला. त्याला हसायला कारण होतं. बैल दोन्ही गोठ्यात होते, पावसाळ्यापर्यंत चूल पेटणार होती, आणि आपण म्हणालो तोच शब्द अखेर कामाला आला याचा त्याला थोडा अभिमानही वाटत असावा. "मी म्हणलंच व्हतं," तो दोनदा म्हणाला. मुचानेतानं त्याच्याकडं पाहिलं आणि तो तिसऱ्यांदा म्हणाला नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट सादझा शिजला, उंबरठ्यावर बसून तिघांनी खाल्ला.

"कागद वाच," अंबुया लेकाला म्हणाली.

त्यानं अंधार पडायच्या आत, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचला. मानवी सेवनास अयोग्य, इथं तो दोनदा अडखळला. आकार नाही, खूण नाही. वाचून झालं तशी म्हातारी उठली. हात धुतले आणि आत जाऊन पडली.

सकाळी मुचानेतानं कंबरेचं फडकं सोडलं. दोन मुठींतला जाडसर भाग निवडून काढला, उरलेला दगडावर बारीक केला आणि म्हातारीची छोटी भोपळ्याची डबी भरली. मग ती तिच्यापुढं गुडघे टेकून बसली, ओंजळ वाजवली आणि डबी पुढं केली.

"घ्या, अंबुया."

अंबुयानं हात पुढं केला नाही.

"तोंडानं म्हणायचं असतं, पोरी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "लिहून द्यायचं न्हवतं."

"मग मका कुठनं आणला असता मी?" मुचानेता ओरडली. गेल्या चार दिवसांत ती घरात कोणावर ओरडली नव्हती. "दंड कुणी भरला असता? त्यांनी जाळलं असतं तर? विटेनं फोडल्या मी, माझ्या हातानं फोडल्या. तुमी न्हवता तिथं."

"मी कुठं म्हणले आणायचा न्हाई? खाल्ला की मीबी."

म्हातारीनं तिच्या हातातून डबी घेतली, बूच काढलं आणि आतला चुरा कुंपणाकडेच्या भेंडीच्या वाफ्यावर झटकला. कागदात लिहिलं होतं तिथंच. मग काठी टेकत ती रिकामी डबी घेऊन पलीकडच्या आवाराकडं निघाली. लग्न होऊन आल्यापासून तिनं या घरच्या तंबाखूशिवाय दुसरा तंबाखू नाकाला लावला नव्हता. जावांच्या घरी गेली तरी आपली डबी काढायची, आणि यावरून सगळं गाव तिची चेष्टा करायचं. कुंपणापलीकडं माई तोगाराचा आवाज आला, मोठा, खूश झालेला. "या, या अंबुया! आमच्या दारी? बसा की!" मुचानेताला वाटलं, म्हातारीनं झिंज्या धरून मारलं असतं तर परवडलं असतं. ती उखळाशी गेली, पण मुसळ उचलवेना. तशीच दोन्ही हातांनी ते धरून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं अंबुया परत आली. कणगीच्या सावलीत तिनं पाय पसरले, डबीतली चिमूट नाकाला लावली. शिंक आली, पण अर्धवट, ओली. तिनं नाक पुसलं आणि तोंड वाकडं केलं.

"सादळलाय," ती म्हणाली. "राख तर ओंजळभर घातलीय मेलीनं." मग पुन्हा एक चिमूट घेतली. "पण तंबाखू हाय."